तीन मिनिटांचा एमआरआय : क्रिस्टियाने कूल यांचं स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन

गवतफूल

"मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर 'डेन्स ब्रेस्ट' असा शेरा आलाय, आता काय करायचं?" हा प्रश्न इथल्या आरोग्याच्या धाग्यांवर पुन्हा पुन्हा येतो. तुटक उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही. पुण्यात एमआरआय तंत्रज्ञ आहे. स्तनाचा एमआरआय आज जसा करतात आणि वाचतात, ती रीत घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या क्रिस्टियाने कूल यांचे शोधनिबंध मी आवडीने वाचत आले आहे. या जर्मन रेडिओलॉजिस्ट आधी बॉन विद्यापीठात होत्या आणि २०१० पासून आखेनच्या विद्यापीठ रुग्णालयात रेडिओलॉजी विभागाच्या प्रमुख आहेत.

आधी डेन्सबद्दल. स्तनात चरबी असते, दुधाच्या ग्रंथी असतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. मॅमोग्राफीच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रात चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. ग्रंथी आणि तंतू जास्त असले की स्तन डेन्स, आणि मग गाठ त्यांच्याआड लपते. हा आजार नाही, तरुण वयात तर असे स्तन सर्रास असतात. हाताला स्तन घट्ट लागला म्हणजे तो डेन्स, असंही नाही. ते चित्रातच कळतं. पण अशा बाईला "मॅमोग्राफी नॉर्मल" एवढंच सांगून घरी पाठवलं, तर तिला अर्धीच माहिती मिळालेली असते.

एमआरआयची गोष्ट वेगळी आहे. कर्करोग वाढताना स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतो. त्या घाईने झालेल्या असतात, त्यांच्या भिंती झिरपतात. शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळून दिसणारं द्रव्य, दिलं की ते अशा जागी भराभर शिरतं आणि ती जागा उजळते. म्हणजे मॅमोग्राफी रचना दाखवते आणि एमआरआय त्या जागी काय चाललंय ते दाखवतो. कूल यांचं बहुतेक सगळं काम या एका फरकावर उभं आहे.

१९९९ मध्ये त्यांनी २६६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ उजळते, पण पुढच्या काही मिनिटांत ती उजळतच जाते, स्थिर राहते की उतरायला लागते? साध्या गाठींपैकी ८३ टक्के उजळतच गेल्या. कर्करोगाच्या गाठींपैकी ५७ टक्के लगेच उतरू लागल्या, साध्या गाठींत हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही आत होतं. आज रिपोर्टमध्ये 'टाइप वन', 'टाइप टू', 'टाइप थ्री' कर्व्ह असं लिहिलेलं असतं, ते हेच.

२००५ चा अभ्यास घराण्यात कर्करोग असलेल्या ५२९ स्त्रियांचा होता. त्यांच्यात ४३ कर्करोग निघाले. मॅमोग्राफीने ३३ टक्के पकडले, सोनोग्राफीने ४० टक्के, दोन्ही मिळून ४९ टक्के. एमआरआयने ९१ टक्के. म्हणजे दोन्ही तपासण्या मन लावून करूनही निम्मे निसटत होते. इतर देशांतूनही असेच अभ्यास आले आणि २००७ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आयुष्यभराचा धोका २० ते २५ टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या स्त्रियांना दरवर्षी एमआरआय करायला सांगितलं.

माझ्या मते कूल यांचा सगळ्यात महत्त्वाचा निबंध त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. विषय होता डीसीआयएस, म्हणजे दुधाच्या नलिकेच्या आतच असलेला, भिंत ओलांडून बाहेर न पडलेला कर्करोग. इथे मॅमोग्राफीच श्रेष्ठ, कारण तिला कॅल्शियमचे बारीक कण दिसतात, असं तोवर सगळे धरून चालत होते. एमआरआयला डीसीआयएस नीट दिसत नाही, असं पाठ्यपुस्तकातलं वाक्य. कूल आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांत ७३१९ स्त्रियांची मॅमोग्राफी आणि एमआरआय दोन्ही केले, आणि एकाचा निकाल पाहून दुसऱ्याचा अर्थ लावायचा नाही असा दंडक ठेवला. निव्वळ डीसीआयएसचे १६७ रुग्ण निघाले. मॅमोग्राफीने ५६ टक्के ओळखले, एमआरआयने ९२ टक्के. त्यातले ८९ हाय ग्रेड, म्हणजे पुढे पसरण्याची शक्यता जास्त असलेले. त्यांपैकी ४८ टक्के फक्त एमआरआयवर दिसले, मॅमोग्राफीवर दिसलेच नाहीत. आणि एमआरआयने हाय ग्रेडमधले फक्त दोन सोडले.

यातला मुद्दा आकड्यांपलीकडचा आहे. कॅल्शियम साचतं ते मेलेल्या पेशींच्या जागी किंवा हळू चाललेल्या बदलांत. वेगाने वाढणाऱ्या रोगाला ते साचू द्यायला उसंत नसते, त्याला रक्तपुरवठा मात्र लागतोच. त्यामुळे मॅमोग्राफीचा कल संथ रोग शोधण्याकडे असतो आणि एमआरआयचा कल आक्रमक रोगाकडे. कूल हे वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत. लवकर सापडला एवढं पुरेसं नाही, जो सापडायला हवा तोच सापडला का हे विचारा. मला हे फार पटतं.

मग प्रश्न उरतो की इतकं चांगलं आहे तर सगळ्यांना का नाही? कारण एमआरआय महाग, लांब आणि मोजक्या ठिकाणी. २०१४ मध्ये त्यांनी नेमका हाच अडसर हाती घेतला. नेहमीच्या तपासणीत आम्ही बरेच सिक्वेन्स, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रांचे संच, घेतो. कूल यांच्या त्या अभ्यासात पूर्ण तपासणीची चित्रं घ्यायला १७ मिनिटं लागत होती. त्यांनी विचारलं, कॉन्ट्रास्टच्या आधीचं एक आणि नंतरचं पहिलं, एवढीच दोन चित्रं घेतली, एकातून दुसरं वजा केलं तर? वेळ उतरला तीन मिनिटांवर. मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या ४४३ स्त्रियांच्या ६०६ तपासण्या अशा झाल्या. त्यांत ११ कर्करोग होते. छोट्या तपासणीने अकराही पकडले, म्हणजे पूर्ण तपासणीइतकेच. वजाबाकीनंतर सगळ्या स्तनाचं मिळून एकच चित्र करतात. अनुभवी डॉक्टरला ते पाहायला सरासरी २.८ सेकंद लागले आणि उरलेली चित्रं धरून २८ सेकंद.

मशीनवर रोज बसणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगता येत नाही. आमची यादी कायम भरलेली असते. सतरा मिनिटं आणि तीन मिनिटं हा फरक किती बायकांची रांग पुढे सरकवू शकतो, ते आम्हाला लगेच दिसतं. (स्त्रीला झोपवणं, सुई लावणं, कॉइल म्हणजे स्तनाभोवतीचं संकेत टिपणारं साधन बसवणं यांचा वेळ वेगळाच, तो वाचत नाही. हेही सांगितलं पाहिजे.)

पुढे २०२० मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या ४८ केंद्रांनी मिळून १४४४ डेन्स स्तनांच्या स्त्रियांवर ही छोटी तपासणी थ्रीडी मॅमोग्राफीसमोर ठेवली. पसरू शकणारे कर्करोग १७ स्त्रियांना होते. छोट्या एमआरआयने सतराही ओळखले, थ्रीडी मॅमोग्राफीने सात.

प्रश्न विचारा. जमेल तेवढं सांगते.

तळेगावकर

फार चांगला लेख. आमच्या सौभाग्यवतींच्या रिपोर्टवर हाच शेरा आहे. वय ५२, घराण्यात कोणाला नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले सोनोग्राफी करून घ्या, झालं. तुमचा लेख वाचून मन साशंक झालं. एमआरआय करावाच का?

गवतफूल

काका, डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी आधी करून घ्याच. डेन्सचेही दोन प्रकार असतात, बरेच डेन्स (सी) आणि अतिशय डेन्स (डी). रिपोर्टमध्ये सी की डी हे अक्षर बघा. डी असेल तर एमआरआयचा विचार जास्त पटण्यासारखा आहे. युरोपातल्या स्तन रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने २०२२ मध्ये ५० ते ७० वयाच्या अतिशय डेन्स स्तनांच्या स्त्रियांना दोन ते चार वर्षांतून एकदा एमआरआय सुचवला आहे. सी असेल आणि घराण्यात कोणी नसेल, तर घाई नाही. काकूंचं मत काय आहे तेही विचारा, सुई आणि मशीन त्यांना सोसायचं आहे.

अवनी_म

मी रेडिओलॉजीची निवासी डॉक्टर आहे. लेख उत्तम, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, कूल यांचे बहुतेक अभ्यास त्यांच्याच केंद्रातले, त्यांच्यासारख्याच अनुभवी डोळ्यांनी वाचलेले. स्तनाचा एमआरआय कधीमधी वाचणाऱ्याकडून तोच निकाल मिळेल असं नाही.

दुसरी जास्त गंभीर. एमआरआयमुळे मृत्यू कमी होतात, असं दाखवणारी यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना, अजून कुणीच केलेली नाही. जास्त कर्करोग सापडणं आणि जास्त बायका वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जो आयुष्यभर त्रास देणार नव्हता तो रोग शोधून त्यावर शस्त्रक्रिया झाली, तर ते नुकसानच आहे.

यावर सगळ्यात चांगला पुरावा हॉलंडचा आहे. उत्रेख्तच्या कार्ला व्हॅन गिल्स यांच्या गटाने अतिशय डेन्स स्तनांच्या ४०,३७३ स्त्रिया घेतल्या, त्यांतल्या ८,०६१ जणींना जादा एमआरआयसाठी बोलावलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात स्वतःहून गाठ लागून बाहेर येणारे कर्करोग त्यांनी मोजले. फक्त मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५, एमआरआयसाठी बोलावलेल्यांत हजारी २.५. ज्यांनी खरोखर एमआरआय केला त्यांच्यात हजारी ०.८. पण पहिल्या फेरीत हजारातल्या ८० जणींना विनाकारण पुढच्या तपासण्यांना जावं लागलं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवूनच बाईला सांगितलं पाहिजे.

गवतफूल

अवनी, अगदी बरोबर, आणि हा आकडा इथे आला ते फार चांगलं झालं. मृत्यूंची चाचणी नाही हे खरंच आहे. तरी मधल्या काळातले कर्करोग अर्ध्यावर येणं मला लहान गोष्ट वाटत नाही. ते कर्करोग वेगाने वाढणारे असतात आणि तेच जीव घेतात. नुसते निरुपद्रवी रोग शोधले जात असते, तर हा आकडा जागचा हलला नसता. कूल यांच्या २०१७ च्या निबंधातही हेच दिसतं. सर्वसाधारण धोक्याच्या २१२० स्त्रियांमध्ये मॅमोग्राफी नॉर्मल असताना एमआरआयने ६० कर्करोग जास्तीचे शोधले आणि मधल्या काळात एकही कर्करोग स्वतःहून वर आला नाही.

विनाकारण बोलावणं पुढच्या फेरीत उतरतं, हेही त्याच डच अभ्यासात दिसलं. दुसऱ्या फेरीत ते हजारी २६ च्या आसपास आलं, कारण तुलनेला जुना एमआरआय हाताशी होता. म्हणूनच माझी सगळ्यांना विनंती, जुन्या सीडी आणि फिल्म टाकू नका. दर वेळी बरोबर आणा.

बोरीबाभळी

वाचतेय. मी सोलापूर जिल्ह्यात आरोग्य सेविका आहे. माफ करा, पण आमच्याकडच्या बाईला हे सगळं फार लांबचं आहे. तालुक्याला एमआरआय नाही. मॅमोग्राफीलाही शहरात जावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं आणि नवऱ्याला सांगावं लागलं. आमच्याकडे बाई येते तेव्हा गाठ लिंबाएवढी झालेली असते, कधी कातडी फुटलेली असते. दुखत नव्हतं म्हणून दाखवलं नाही, हे उत्तर ठरलेलं. आमचं काम घरोघर जाऊन तिशीपुढच्या बायकांना तपासायचं आणि त्यांना हात लावू द्यायला राजी करायचं. तीन मिनिटं काय आणि सतरा मिनिटं काय.

अवनी_म

बोरीबाभळी ताई, तुमचं काम कमी मोलाचं नाही, याला मुंबईचाच पुरावा आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त स्त्रियांवर २० वर्षं चाचणी केली. एका गटाला प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत होत्या, अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला. तपासलेल्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला. मृत्यू एकूण १५ टक्के कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. कुठलंही मशीन न वापरता.

गवतफूल

बोरीबाभळी ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आपल्याकडच्या सर्वसाधारण बाईसाठी हाताने तपासणं आणि गाठ लागल्यावर आठवडाभरात पुढची सोय होणं, हेच आधी हवं. कूल यांचं काम मी सगळ्यांना एमआरआय करा म्हणून सांगत नाही. आपल्याकडे तो आधी पोचायला हवा बीआरसीए जनुकात दोष असलेल्या घराण्यांत, म्हणजे जिथे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. तिथे रोग तिशी-चाळिशीत येतो, तेव्हा स्तन डेन्स असतात आणि मॅमोग्राफी सगळ्यात कमी उपयोगाची असते. तुमच्या घरभेटींत "आई, मावशी, बहीण, आत्या, कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का, कितव्या वर्षी?" एवढं विचारून नोंद झाली, तर अशी घराणी सापडतील. वडिलांकडची माणसंही विचारा. दोष वडिलांकडूनही येतो आणि ती बाजू हमखास विचारायची राहते.

बोरीबाभळी

वडिलांकडचं आम्ही खरंच विचारत नव्हतो. पुढच्या बैठकीत हे मांडते.

सांजवात२२

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला ३४ व्या वर्षी गाठ लागली. सोनोग्राफीत 'फायब्रोअ‍ॅडिनोमा (म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ), सहा महिन्यांनी परत या' असं लिहून आलं. आमच्या आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या होत्या, ते कोणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. सहा महिन्यांत गाठ दुप्पट झाली. बायॉप्सी, मग जनुकाची तपासणी, बीआरसीए वन. बहीण आता बरी आहे, उपचार पूर्ण झाले. आता मी तपासून घेतलं तर मलाही तोच दोष निघाला. वय ३८. मला दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी सांगितली आहे. एमआरआयची भीती वाटते. कसं असतं?

गवतफूल

सांजवात, लिहिलंत ते फार बरं केलंत. बहिणीला खूप शुभेच्छा.

आधी त्या सोनोग्राफीबद्दल. बीआरसीए वनच्या गाठी पुष्कळदा गोल आणि गुळगुळीत कडांच्या असतात, साध्या गाठीसारख्या. म्हणून घराण्याची माहिती तपासणाऱ्याच्या हातात असणं इतकं गरजेचं असतं.

आता तपासणी. पाळी चालू असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून सातव्या ते चौदाव्या दिवसात वेळ घ्या. इतर दिवसांत निरोगी ग्रंथीही उजळतात आणि वाचताना गोंधळ होतो. हातात सुई लावतात. पोटावर पालथं झोपायचं, स्तन कॉइलच्या दोन खळग्यांत येतात, काहीही दाबत नाहीत. तोंड खाली असल्यामुळे बंद जागेची भीती काही जणींना कमी वाटते. आवाज मोठा असतो, कानाला हेडफोन देतो. हातात एक फुगा देतो, तो दाबला की आम्ही लगेच थांबतो. छातीची हालचाल कमीत कमी ठेवायची, पण श्वास नेहमीसारखा चालू ठेवा. कॉन्ट्रास्ट जाताना हाताला गार वाटतं. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगायचं.

गॅडोलिनियमबद्दल विचाराल म्हणून सांगते. त्याचा थोडा अंश शरीरात, मेंदूतही राहतो असं दिसलं आहे. त्यामुळे अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी जास्त साठणारे बरेच प्रकार युरोपात २०१७ मध्ये थांबवले गेले. दरवर्षी घ्यायचं असल्याने कोणतं कॉन्ट्रास्ट वापरता, मॅक्रोसायक्लिक (कमी साठणारा प्रकार) आहे का, असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

केंद्र निवडताना दोन गोष्टी विचारा. स्तनाचं वेगळं कॉइल आहे का, आणि फक्त एमआरआयवरच काही दिसलं तर एमआरआयमध्ये बघत बायॉप्सी करायची सोय तिथे किंवा जवळपास आहे का. ती सोय मोजक्याच ठिकाणी असते आणि आयत्या वेळी शोधाशोध होते.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत असते, आखेनपासून फार लांब नाही. इथलं चित्र सांगते. ५० व्या वर्षापासून दर दोन वर्षांनी सरकारी मॅमोग्राफीचं पत्र घरी येतं. २०२४ च्या जुलैपासून वयाची मर्यादा ६९ वरून ७५ केली. एमआरआय मात्र सरकारी विम्यातून सरसकट मिळत नाही. बीआरसीए असलेल्यांना विद्यापीठ रुग्णालयांतल्या खास केंद्रांत तो दरवर्षी मिळतो. मला स्वतःला डेन्सबद्दल पत्रात काहीच कळवलं गेलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं. अमेरिकेत १० सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राने घनता कळवणं सक्तीचं आहे. ज्या देशात हे संशोधन झालं तिथल्या बाईलाही ते मागून घ्यावं लागतं, याचा मला राग येतो.

तळेगावकर

रिपोर्ट पाहिला. सी आहे. सोनोग्राफी झाली, नॉर्मल. हिने एमआरआय नको म्हणून सांगितलं, पुढच्या वर्षी मॅमोग्राफी पुन्हा करू म्हणाली. ठीक ना?

गवतफूल

ठीक, काका. मधल्या काळात गाठ, कातडी ओढली जाणं, बोंड आत जाणं, बोंडातून रक्त किंवा स्राव, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या वर्षाची वाट बघायची नाही. मागचा रिपोर्ट नॉर्मल होता, असं म्हणून कोणी थांबवलं तरी थांबू नका.

अवनी_म

एक भर. ज्यांना एमआरआय परवडत नाही किंवा मशीनमध्ये जाववत नाही, त्यांच्यासाठी कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी ही वाट पुढे येतेय. कल्पना तीच, रक्तपुरवठा बघायचा, पण मॅमोग्राफीच्याच मशीनवर, आयोडीनचं कॉन्ट्रास्ट देऊन. केंब्रिजच्या फियोना गिल्बर्ट यांच्या गटाचा ब्रिटनमधला अभ्यास २०२५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मॅमोग्राफी नॉर्मल असलेल्या, डेन्स स्तनांच्या ९,३६१ स्त्रिया. छोट्या एमआरआयने हजारी १७.४ कर्करोग शोधले, कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीने १९.२, स्वयंचलित सोनोग्राफीने ४.२. आयोडीनची अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि क्ष-किरणही थोडे जास्त लागतात, हे लक्षात ठेवायचं. पण जिल्ह्याच्या गावी एमआरआयपेक्षा हे आधी पोचू शकेल असं मला वाटतं.

गवतफूल

मलाही. नव्या मॅमोग्राफी मशीनवर त्यासाठी बहुतेक फिल्टर आणि सॉफ्टवेअरचीच भर लागते, वेगळी खोली बांधावी लागत नाही. जिल्हा रुग्णालयात नवीन मशीन घ्यायचं ठरत असेल, तर मागणीपत्रात कॉन्ट्रास्टची सोय आताच लिहून घ्यायला हवी. नंतर जोडायला गेलं की खर्च वाढतो आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. बोरीबाभळी ताई, तुमच्या जिल्ह्यात अशी खरेदी निघाली तर मला कळवा, तांत्रिक मजकूर मी आणि अवनी मिळून मराठीत लिहून देऊ.